नामयाची जनी : सातशे वर्षांपूर्वीची एक फॅन

बँडचं नाव छापलेला टी-शर्ट घालून कुणी दिसलं की ग्रुपमधला एक जण हमखास विचारतो, 'तीन गाणी सांग बरं.' सांगता आली नाहीत की तो खोटा फॅन. सांगता आली, तर पुढचा प्रश्न असतो ड्रमर बदलला त्या सालाचा. के-पॉपवाल्या पोरींची परीक्षा फोटोकार्डांवर होते, मेटलवाल्यांची जुन्या अल्बमवर. एकूण काय, जास्त माहिती असणारा आणि जास्त पैसे घालणारा खरा. मला ही व्याख्या पटत नाही, आणि ती न पटण्याचं कारण परभणी जिल्ह्यात आहे.

आमच्याकडे बँड म्हटलं की आधी वरातीतला बँड डोळ्यांसमोर येतो, ते सोडून द्या. बँड म्हणजे चार-सहा जण, ठरलेली वाद्यं, पुढे एक आवाज, मागे त्याला धरून असणारे आवाज आणि ऐकायला जमलेली गर्दी. असं धरलं, तर पंढरपुरात तेराव्या-चौदाव्या शतकात एक जबरदस्त बँड होता. पुढे नामदेव. हातात वीणा, साथीला टाळ-मृदंग. मागचे टाळकरी नुसते साथ देत नाहीत, ध्रुपद तेच उचलून धरतात; त्यांच्याशिवाय कीर्तन उभंच राहत नाही. नामदेवांचं अख्खं घरच यात होतं: आई गोणाई, बायको राजाई, नारा, विठा, गोंदा, महादा ही चार पोरं, सुना, बहीण आऊबाई. परंपरा सांगते की घरातले सगळेच अभंग रचत. नामदेवांनी म्हणे शतकोटी अभंगांचा पण केला होता आणि तो घरात वाटून घेतला होता. इंजिनिअरची खोड म्हणून हिशोब केला: १०० कोटी अभंग, १५ माणसं, ५० वर्षं. दर माणशी रोज साडेतीन हजारांहून जास्त! आकडा सोडा, पण काम वाटून घेतल्याची आठवण महत्त्वाची आहे. आणि त्या वाटणीत घरच्या मोलकरणीचाही वाटा होता.

ती मोलकरीण म्हणजे गोदाकाठच्या गंगाखेडची जनाबाई. लहानपणी आई-बापाविना झाली आणि दामाशेटी शिंप्यांच्या म्हणजे नामदेवांच्या वडिलांच्या घरी कामाला राहिली, असं परंपरा सांगते. झाडलोट, दळण-कांडण, धुणं, गोवऱ्या वेचणं. म्हणजे कीर्तन ऐकायला तिला तिकीट लागत नव्हतं, पण बसून ऐकायची सवडही नव्हती. तिने गाणी ऐकली ती काम करता करता. आपण हेडफोन लावून कोड लिहितो तशी, असं लिहिण्याचा मोह होतो. पण आपण दमलो की उठून कॉफी घेतो. तिला ती सोय नव्हती.

तिच्या नावावर आज साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. विषय बघा: जात्याचा खुंटा, उखळ, केर, डोक्यातल्या उवा. ज्या देवाची नामदेव राउळात उभं राहून आळवणी करतात, तो जनीकडे येऊन दळू लागतो, केर भरतो, तिची वेणी घालतो. बँडची गाणी पाठ करून तशीच म्हणणारी ही फॅन नाही. तिने त्यांची चाल घेतली, देव घेतला आणि आपलं घरकाम त्यात घातलं. एका अभंगात तर डोक्यावरचा पदर खांद्यावर टाकून, टाळ-वीणा घेऊन भर बाजारात जाण्याची भाषा आहे. त्या काळच्या बाईने, त्यातही मोलकरणीने!

तरी सही मात्र 'नामयाची जनी', 'दासी जनी'. इथे आजचा वाचक अडतो, मीही अडतो. इतकं स्वतःचं लिहून शेवटी मालकाचं नाव का? हा फॅनपणा की गुलामगिरी? मला वाटतं, दोन्ही आहे, आणि एकाने दुसरं पुसता येत नाही. 'नामयाची' म्हणताना ती आपली पायरी सांगते. 'जनी' म्हणताना गाणं कुणाचं तेही सांगते. सही नसती तर हे अभंग नामदेवांच्याच खात्यावर जमा झाले असते.

ही भीती पोकळ नाही. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचा कवी झाला, एकनाथांच्या काळातला. तोही 'नामा' अशीच मुद्रा वापरायचा. त्याच्या आणि मूळ नामदेवांच्या रचना एकमेकींत अशा मिसळल्या की अभ्यासक आजही वेगळ्या करत बसलेत. गिटवर काम करणाऱ्यांना कळेल: दोन डेव्हलपर, युजरनेम एकच, आणि जुना लॉग गायब. हाताशी असलेली बाडं तर नामदेवांनंतर काही शतकांनी लिहिलेली. जनीच्या नावावरचे सगळे अभंग तिचेच, असंही कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. नंतरच्या कित्येकींनी आपलं गाणं तिच्या नावाने म्हटलं असणार. कुणाला ही भेसळ वाटेल. मला यातच तिचं यश दिसतं: फॅनलाच फॅन मिळाले.

जनीच्या नावावर आणखी एक अभंग आहे, तो मला सगळ्यात आवडतो. त्यात कुणाचे अभंग कोण लिहून घेतं याची यादी आहे. ज्ञानदेवांचे चिदानंदबाबा, सावता माळ्याचे काशिबा गुरव, चोखामेळ्याचे अनंतभट्ट. अल्बमच्या मागे बारीक अक्षरात छापतात तशी श्रेयनामावली. गाणाऱ्याचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, लिहून घेणाऱ्याचं कुणाला? ही दखल घेते ती मोलकरीण. आणि तिचे कोण लिहितो? तर स्वतः पांडुरंग. यादीत सगळ्यात वरचा लेखनिक तिने स्वतःला ठेवून घेतला आहे.

चोखामेळ्याचं नाव आलंच आहे तर थांबतो. नामदेवांना गुरू मानणारा हा मंगळवेढ्याचा महार. देवळात मात्र पाऊल ठेवायची बंदी. म्हणजे शो सुरू, आणि हा गेटबाहेर. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना ते कोसळलं आणि चोखोबा इतर मजुरांसोबत गाडले गेले. परंपरा सांगते की नामदेव स्वतः तिथे गेले, ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी शोधून आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. फॅनसाठी इतकं करणारा गायक विरळाच. पण समाधी बाहेरच राहिली. ते दार दलितांना उघडायला १९४७ साल उजाडलं, साने गुरुजींना उपोषण करावं लागलं.

नामदेवांची गाणी पुढे लांब गेली. १६०४ मध्ये पंजाबात आदिग्रंथ सिद्ध झाला, त्यात त्यांची ६१ पदं आहेत. २०१५ चं मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं ते याच नात्याने. जनीची गाणी इतकी लांब गेली नाहीत. ती घरात गेली, जात्यावर. बायांनी पहाटे दळताना तिच्यावर ओव्या रचल्या: विठ्ठल जनीकडे गेला, रात्रीचा परतला नाही, रुक्मिणीने जाब विचारला, रुसून बसली. आजच्या भाषेत हे सरळ फॅन-फिक्शन आहे, आणि चांगल्यापैकी धीट.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी १९८० च्या दशकापासून गावोगावच्या अशा ओव्या गोळा करायला सुरुवात केली. संग्रह लाखाच्या वर गेला. त्यात आमच्या जिल्ह्यातल्या ताडकळसच्या आवाजातल्या ओव्याही आहेत. आता त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर फोनवर ऐकता येतात. गावात पिठाची गिरणी आली, जाती अंगणाच्या कोपऱ्यात गेली, दळताना गाणाऱ्या बाया म्हाताऱ्या झाल्या. रेकॉर्डिंगमध्ये मात्र जात्याची घरघर चालू आहे, आणि रुक्मिणी अजून जनीवर रुसलेली आहे.