सार्वजनिक सुट्या

२६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या देशभरच्या राष्ट्रीय सुट्या. महाराष्ट्रात १ मे, महाराष्ट्र दिनही सुटीचा. सरकारी सुट्यांची यादी परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम २५ खाली निघते. ती कार्यालये व बँकांना लागू होते. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानांना राज्याचा २०१७ चा कायदा लागू आहे: वर्षाला आठ भरपगारी सुट्या, त्यांत वरील चार, सुटीच्या दिवशी काम घेतल्यास दुप्पट वेतन आणि बदली रजा. शहापूरसारख्या (जि. भंडारा) धानपट्ट्यातल्या गावात मात्र रोवणी लांबली, की १५ ऑगस्टलाही शेतमजूर बांधीत उतरतात. सुटी घेतली तर त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडते.