सेयमिक, पोलंडमधील

पोलंडमधील प्रांताची (व्होयेवुद्स्त्वो) लोकनियुक्त सभा. पोलिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहास ‘सेयम’ म्हणतात. ‘सेयमिक’ हे त्याचे लघुत्वदर्शक रूप असून त्याचा शब्दशः अर्थ ‘छोटे सेयम’ असा होतो. नावावरून सेयमिक ही संसदेची धाकटी प्रतिकृती असावी असे वाटते. परंतु इतिहासक्रम याच्या उलट आहे. राष्ट्रीय सेयमला निश्चित स्वरूप येण्यापूर्वीच ठिकठिकाणची सेयमिके भरत होती आणि त्यांच्या प्रतिनिधींतूनच पुढे सेयमची उभारणी झाली.

जुनी सेयमिके ही केवळ उमराववर्गाची (श्लाख्ता) होती. नगरवासी व शेतकरी यांना त्यांत स्थान नव्हते. त्यांचे सामर्थ्य राजाच्या आर्थिक व लष्करी निकडीतून निर्माण झाले. १४५४ मध्ये ट्यूटॉनिक ऑर्डरविरुद्ध युद्धास आरंभ झाला, तेव्हा चौथ्या कॅझिमिर राजाला (कार. १४४७–९२) उमरावांच्या फौजेची गरज होती. जमलेल्या उमरावांनी ही संधी साधून आपल्या मागण्या पुढे केल्या. त्याच वर्षीच्या न्येशावा येथील सनदेने राजाने असे मान्य केले, की सेयमिकांच्या संमतीवाचून नवे कर बसविले जाणार नाहीत व फौजेस पाचारण केले जाणार नाही. अशा रीतीने खजिना व सैन्य या दोन्हींची किल्ली प्रादेशिक सभांच्या हाती आली. क्राको प्रांताचे सेयमिक प्रोशोव्हित्से या लहान गावी, तर पॉझ्नान व कालिश या प्रांतांचे श्रोदा येथे भरे. बैठकी बहुधा चर्चमध्ये होत. सेयमिक आपले प्रतिनिधी निवडून त्यांना लेखी सूचनापत्र देई आणि सेयमचे अधिवेशन आटोपल्यावर त्यांच्याकडून वृत्तांत ऐकून घेई. सतराव्या शतकात करांची आकारणी, वसुली व स्थानिक सैनिकांची भरतीही सेयमिके करू लागली. त्यामुळे केंद्रसत्ता दुबळी झाली हे खरे. तथापि वारंवार मोडणाऱ्या सेयमच्या काळात राज्यकारभार जो काही चालला, तो मुख्यतः या सभांमुळेच, हेही तितकेच खरे आहे.

१७१७ च्या सेयमने कायम सैन्य व त्यासाठी कायम कर ठरवून देऊन सेयमिकांचे आर्थिक अधिकार छाटले. पुढे बडे जमीनदार भूमिहीन उमरावांची मते खाऊ-पिऊ घालून मिळवीत. म्हणून २४ मार्च १७९१ च्या कायद्याने भूमिहीनांचा मताधिकार काढून घेण्यात आला. या सुधारणेची फळे दिसण्यापूर्वीच १७९३ व १७९५ च्या फाळण्यांनी पोलंडचे राज्य संपुष्टात आले.

स्वतंत्र पोलंडमध्ये (१९१८–३९) प्रांतिक स्वराज्य सर्वत्र आले नाही. याला ठळक अपवाद सिलेशियाचा. १५ जुलै १९२० च्या कायद्याने त्या प्रांताला स्वतःची विधिसभा व स्वतःचा खजिना मिळाला. ही सभा १९२२ पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत चालली व १९४५ मध्ये कायद्याने रद्द झाली. काटोव्हीत्से येथील तिच्या इमारतीतच हल्लीचे सिलेशियन सेयमिक भरते. साम्यवादी राजवटीत मार्च १९५० च्या कायद्याने स्थानिक स्वराज्य संस्था मोडून त्यांच्या जागी केंद्राच्या आदेशांनी चालणाऱ्या राष्ट्रीय परिषदा आल्या. १९७५ मध्ये प्रांतांची संख्या १७ वरून ४९ करण्यात आली, त्यामुळे प्रांतांचे उरलेसुरले वजनही घटले.

साम्यवादी सत्तेच्या अस्तानंतर प्रथम १९९० मध्ये ग्मीना (गाव वा नगर) या पातळीवर स्वराज्य पुनःस्थापित झाले. ‘सेयमिक’ हे नाव त्याच वेळी परत आले. पण ती केवळ ग्मीना-परिषदांच्या प्रतिनिधींची सभा होती. थेट निवडणुकीचे सेयमिक ५ जून १९९८ च्या कायद्याने निर्माण झाले. येझी बूझेक यांच्या शासनाला मोठे व सबळ असे १२ प्रांत हवे होते. क्येल्त्से, ओपोले आदी शहरांनी आपला प्रांत बुडणार म्हणून विरोध केला. १५ प्रांतांच्या विधेयकावर राष्ट्राध्यक्ष आलेक्सांदेर क्वाश्न्येव्स्की यांनी नकाराधिकार वापरला आणि अखेर १६ या आकड्यावर तडजोड झाली. दोन प्रांतांत राजधानीचा तंटा राजधानी विभागूनच मिटवावा लागला : शासनाचा प्रतिनिधी बिद्गोश्च येथे, तर सेयमिक टोरून येथे, त्याचप्रमाणे गोझूफ व झेलोना गूरा. पहिल्या निवडणुका ११ ऑक्टोबर १९९८ रोजी झाल्या व नवी रचना १ जानेवारी १९९९ पासून अंमलात आली.

सेयमिकची सदस्यसंख्या लोकसंख्येवर ठरते. २० लाखांपर्यंत ३० सदस्य व त्यापुढील प्रत्येक ५ लाखांना किंवा त्यांच्या अंशाला ३ सदस्य. त्यानुसार वॉर्सासह माझोव्हिया प्रांताच्या सेयमिकात ५१ सदस्य आहेत, तर ओपोलेच्या ३०. निवडणूक प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या पद्धतीने होते आणि प्रांतभर किमान ५ टक्के मते न मिळविणाऱ्या यादीस जागा मिळत नाही. मुदत पूर्वी चार वर्षांची होती. २०१८ च्या निवडणुकीपासून ती पाच वर्षांची झाली. सभेचे अधिवेशन तिमाहीतून किमान एकदा भरते. अध्यक्ष केवळ कामकाज चालवितो. कार्यकारी सत्ता सेयमिकने निवडलेल्या पाच जणांच्या मंडळाकडे असते व ‘मार्शल’ हा त्याचा प्रमुख असतो. जुन्या सेयमिकांत मार्शल हा सभेचा अध्यक्ष असे आणि राष्ट्रीय सेयममध्ये आजही तोच अर्थ आहे. त्यामुळे परकीय वाचकाचा येथे हटकून गोंधळ होतो. मार्शलच्या निवडीस एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक मते लागतात, तर त्याला दूर करण्यास तीनपंचमांश. मतदान गुप्त असते. निवडणूक-निकालानंतर तीन महिन्यांत मंडळ निवडले न गेल्यास सेयमिक आपोआप बरखास्त होते.

मार्शलसमोर पंतप्रधानाने नेमलेला व्होयेव्होदा (प्रांताधिकारी) असतो. तो सेयमिकचा वरिष्ठ नव्हे. ठराव कायद्याला धरून आहे की नाही एवढेच तो पाहतो व बेकायदा ठराव ३० दिवसांच्या आत रद्द करू शकतो. त्याविरुद्ध प्रशासकीय न्यायालयात दाद मागता येते. उलट ग्मीना व पोव्ह्यात (जिल्हा) यांवर सेयमिकची हुकमत नाही. तिन्ही स्तर परस्परांपासून स्वतंत्र आहेत.

प्रांतिक रस्ते, प्रादेशिक रेल्वे, मोठी रुग्णालये, नाट्यगृहे, संग्रहालये आणि मुख्य म्हणजे प्रांताच्या विकासाचे धोरण ही सेयमिकची क्षेत्रे होत. मात्र खजिन्याची किल्ली आता त्याच्या हाती नाही. ग्मीनेला घरपट्टीसारखे स्थानिक कर आहेत, सेयमिकला एकही कर बसविता येत नाही. कंपन्यांवरील व व्यक्तींवरील प्राप्तिकराचा कायद्याने ठरलेला हिस्सा, तसेच केंद्राची अनुदाने यांवर त्याला भागवावे लागते. मंदी आली, की हा हिस्सा आटतो. श्रीमंत प्रांताने गरिबांसाठी द्यावयाच्या समीकरण-रकमेच्या ओझ्याखाली माझोव्हिया २०१३-१४ मध्ये इतका अडचणीत आला, की ४ मार्च २०१४ रोजी घटनात्मक न्यायाधिकरणाने त्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. १ ऑक्टोबर २०२४ च्या कायद्यानुसार २०२५ पासून हा हिस्सा गोळा झालेल्या करावरून न मोजता करदात्यांच्या उत्पन्नावरून मोजला जातो. केंद्राने दिलेल्या करसवलतींची झळ प्रांतांना लागू नये, हा त्यामागील हेतू.

सेयमिकचे खरे वजन यूरोपीय संघाच्या निधीमुळे वाढले. २००४–०६ या काळात प्रादेशिक कार्यक्रम केंद्रीय मंत्रालयाच्या हाती होता. २००७ पासून प्रत्येक प्रांताचा कार्यक्रम त्याचे कार्यकारी मंडळ चालवू लागले. पण देणारा बदलला तरी परावलंबन सुटले नाही. स्व्हेंतोक्शिश्के, मावोपोल्स्का इ. सेयमिकांनी २०१९ मध्ये समलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या चळवळीविरुद्ध ठराव केले होते. यूरोपीय आयोगाने २०२१ मध्ये निधीविषयीची बोलणी थांबविताच त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये या दोन्ही सभांनी ते ठराव मागे घेतले.

सामान्य मतदाराला मात्र सेयमिक दूरचे वाटते. २०१४ च्या निवडणुकीत मतपत्रिका पुस्तिकेच्या स्वरूपात होती आणि सेयमिकसाठीची सहातील एकाहून अधिक मते बाद ठरली. राजकीय पक्षांना त्याचे मोल पुरते ठाऊक आहे. सिलेशियात २०१८ मध्ये ४५ पैकी २३ जागा विरोधी पक्षांच्या होत्या. त्यांच्यातील एक सदस्य फुटताच प्रांताची सत्ता ‘कायदा व न्याय’ या पक्षाकडे गेली. २०२२ मध्ये खुद्द मार्शलनेच पक्ष सोडल्यावर ती पुन्हा फिरली. मावोपोल्स्कात २०२४ मध्ये याच पक्षाला ३९ पैकी २१ जागा मिळूनही पक्षनेतृत्वाने सुचविलेला उमेदवार गुप्त मतदानाच्या अनेक फेऱ्यांत पडत राहिला. तीन महिन्यांची मुदत संपण्यास काही दिवस उरले असता, ४ जुलै २०२४ रोजी, त्याच पक्षाच्या दुसऱ्या उमेदवाराची निवड होऊन सेयमिकची बरखास्ती टळली.