दुकानाची रचना आणि ग्राहकाची इच्छा : झोलाचे पॅरिस, प्रेमचंदांचे प्रयाग

१

साहित्याभ्यासात दुकान ही जागा बराच काळ केवळ पार्श्वभूमी मानली गेली. पात्रे तेथे जातात, काही खरेदी करतात आणि कथानक अन्यत्र पुढे सरकते, असे गृहीत धरले जात होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये डिपार्टमेंट स्टोअर उदयास आले आणि या गृहीतकाला तडा गेला. दाराची रुंदी, प्रकाशाची दिशा, जिन्याची जागा, मालाची मांडणी यांचा ग्राहकाच्या मनाशी काही संबंध असतो आणि तो हेतुपूर्वक घडवता येतो, ही जाणीव प्रथम व्यापाऱ्याला झाली. त्यामागोमाग ती कादंबरीकाराला झाली. एमिल झोलाची ‘ओ बॉनर दे दाम’ (१८८३) ही या जाणिवेची सर्वांत समर्थ साहित्यकृती होय.

वॉल्टर बेन्यामिनच्या पॅरिसविषयक टिपणांचा प्रचंड संग्रह १९८२ मध्ये जर्मनमध्ये आणि १९९९ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यानंतर काचेची छते, प्रदर्शन-खिडक्या आणि त्यांच्यामधून निरुद्देश फिरणारा नागरिक या प्रतिमा शहरी आधुनिकतेच्या वाचनाचे प्रमाण होऊन बसल्या. हेच प्रमाण भारतीय कादंबरीला लावले की हाती एक उणीवच येते : येथे काचेची खिडकी नाही, भव्य दालन नाही, म्हणून वस्तूच्या मोहाची आधुनिक कथाही नाही. हा निष्कर्ष घाईचा आहे. मोहाची रचना येथेही होती. परंतु ती भिंतीत व काचेत नसून बैठकीत आणि खतावणीत होती. प्रेमचंदांची ‘गबन’ (१९३१) झोलाच्या कादंबरीशेजारी ठेवून वाचली असता ही गोष्ट स्पष्ट होते.

२

पॅरिसमधील ‘बाँ मार्शे’ या दुकानाचा आरंभ १८३८ चा. आरिस्तीद बूसिको १८५२ मध्ये त्यात भागीदार झाला आणि १८६३ मध्ये त्याने ते पूर्णतः आपल्या ताब्यात घेतले. निश्चित आणि लेबलावर लिहिलेली किंमत, मुक्त प्रवेश, न आवडलेला माल परत करण्याची सोय, थोड्या नफ्यावर झपाट्याने होणारी विक्री ही त्याच्या व्यवहाराची सूत्रे होती. ती सर्वस्वी त्याची निर्मिती नव्हेत. बूसिकोने जेथे उमेदवारी केली त्या ‘पती सँ तोमा’सारख्या कापडाच्या मोठ्या दुकानांत त्यांतील काही आधीच रूढ होती. बूसिकोचे वैशिष्ट्य असे की, त्याने या सूत्रांना एक इमारत दिली.

या नव्या इमारतीची पायाभरणी १८६९ मध्ये झाली. लुई-शार्ल बोआलो हा वास्तुरचनाकार आणि ग्युस्ताव आयफेल हा अभियंता यांनी तिला आकार दिला. ती टप्प्याटप्प्याने वाढत १८८७ मध्ये पूर्ण झाली. लोखंडी सांगाड्यामुळे जाड भिंतींची गरज उरली नाही. भिंती हटल्या तसा मोकळा अवकाश मिळाला, आणि काचेच्या छतांतून मधल्या चौकांत उतरणारा दिवसाचा प्रकाश तळमजल्यावरच्या मालापर्यंत पोहोचू लागला. वाचनालय, अल्पोपाहाराची जागा, मुलांना वाटली जाणारी रंगीत चित्रे यांमुळे दुकानात वेळ घालवणे ही स्वतंत्र क्रिया झाली. १८५२ मध्ये सुमारे पाच लाख फ्रँक असलेली वार्षिक उलाढाल बूसिकोच्या मृत्यूच्या वर्षी, १८७७ मध्ये, सात कोटी फ्रँकच्या वर गेली होती.

या बदलाचे सामाजिक मर्म प्रवेशाच्या नियमात आहे. जुन्या दुकानात पाऊल टाकणे म्हणजे काहीतरी विकत घेण्याचे अर्धे वचन देणे होते. किंमत विचारावी लागे आणि ती विचारणाऱ्याची ऐपत पाहून सांगितली जाई. लेबलावरच्या किमतीने ही चौकशी संपवली. नुसते पाहायला येणाऱ्या स्त्रीला आता कोणाची परवानगी लागत नव्हती. मायकल मिलर यांनी ‘बाँ मार्शे’च्या इतिहासात (१९८१) आणि रेचेल बोल्बी यांनी उपभोग व कादंबरी यांच्या संबंधावरील पुस्तकात (१९८५) या नव्या ‘पाहण्या’ची वेगवेगळ्या अंगांनी चिकित्सा केली आहे. दोहोंतून एक गोष्ट निष्पन्न होते : ग्राहकाला मिळालेले स्वातंत्र्य आणि त्याच्यावर चाललेला प्रभाव ही एकाच रचनेची दोन फळे होती.

३

झोलाने १८८२ मध्ये ‘बाँ मार्शे’ आणि ‘लूव्ह्र’ या दोन भांडारांत फिरून, कर्मचाऱ्यांशी बोलून विपुल टिपणे काढली. कादंबरी डिसेंबर १८८२ पासून ‘जिल ब्ला’ या नियतकालिकात क्रमशः आली आणि १८८३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. ‘रूगाँ-माकार’ या वीस कादंबऱ्यांच्या मालेतील ती अकरावी. कथेचा काळ दुसऱ्या साम्राज्याच्या अखेरच्या वर्षांचा. पण इमारतीचे तपशील, अखेरच्या प्रकरणातील विजेच्या दिव्यांसह, १८८० च्या सुमाराचे आहेत. हा कालविपर्यास लेखकाच्या अनवधानाचा नव्हे. पाठीमागच्या राजवटीवर त्याने आपल्या समोरची इमारत उभी केली, कारण त्याला तिचेच चरित्र लिहायचे होते.

भांडाराचा मालक ऑक्ताव्ह मूरे हा या अर्थाने कादंबरीतला एक कादंबरीकारच आहे. तो ग्राहकांची वाट आखतो. मोठ्या विक्रीला दोन दिवस उरले असताना नीट लावलेले विभाग तो उधळून दूरदूर टाकतो. त्यामागचा हिशेब तो आपल्या सहकाऱ्याला समजावून सांगतो. अस्तराचे कापड घ्यायला आलेल्या बाईला तयार कपड्यांसाठी इमारतीच्या दुसऱ्या टोकाला जावे लागेल. तिच्या येण्याजाण्याने गर्दी दुप्पट भासेल, इमारत मोठी वाटेल, आणि जेथे ती एरवी फिरकली नसती अशा विभागांतून जाताना ती कोठेतरी अडकेल. स्वस्त माल तो थेट दाराशी ठेवतो, म्हणजे दारातच चेंगराचेंगरी व्हावी आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला आत काही विलक्षण घडत असल्याचा भास व्हावा. रेशमाचा एक प्रकार तो तोट्यात विकतो, कारण त्या एका किमतीवरून उरलेल्या सगळ्या किमतींविषयी विश्वास उत्पन्न होतो. मुलांच्या हाती दुकानाचे नाव लिहिलेले तांबडे फुगे देऊन तो जाहिरात रस्तोरस्ती पाठवतो.

आजच्या विक्रीशास्त्राने स्वतंत्र नावे देऊन शिकवलेल्या अनेक युक्त्या येथे कथनाच्या ओघात आलेल्या आहेत. परंतु झोलाचे सामर्थ्य युक्त्यांच्या यादीत नाही. पहिल्याच प्रकरणात, खेड्याकडून आलेली अनाथ दनीज खिडकीतील पुतळे पाहते. त्यांना मस्तके नाहीत. मस्तकांच्या जागी किमतीच्या चिठ्ठ्या आहेत, आणि दोन्ही बाजूंच्या आरशांमुळे त्या पुतळ्यांची संख्या अनंत झाली आहे. पाहणारी स्त्री आणि पाहिली जाणारी वस्तू यांच्यातील सीमारेषा रचनाच पुसून टाकते. पुढे दनीज त्याच दुकानात नोकरीला लागते, तेव्हा वाचकाला काचेच्या दोन्ही बाजू दिसतात.

रस्त्याच्या पलीकडे तिच्या काकाचे, बोद्यूचे, ओल्या भिंतींचे अंधारे दुकान आहे. तेथे माल दाखवला जात नाही, तो आत असतो आणि मागणाऱ्याला मिळतो. हे दुकान मरते, त्याबरोबर बोद्यूची मुलगीही मरते. छत्र्यांच्या मुठी कोरणारा म्हातारा बुरा भरपाई नाकारत रस्त्यावर येतो. झोला या विनाशाचे दुःख लपवत नाही आणि नव्या भांडाराचे कौतुकही आवरत नाही. दनीजचे मन त्या दोहोंमध्ये विभागलेले आहे, आणि कादंबरीचा नैतिक ताण तेथेच आहे.

४

रचनेने इच्छा घडते असे म्हटले की दोष कोणाचा, हा प्रश्न टळत नाही. मादाम मार्ती या शिक्षकाच्या पत्नीची खरेदी नवऱ्याला कंगाल करते. मादाम द बोव्ह ही सरदारघराण्यातली स्त्री लेस चोरताना पकडली जाते. पॅरिसच्या वैद्यकाने या दुसऱ्या घटनेला लवकरच आजाराचे रूप दिले. पॉल द्युब्युइसाँ या वैद्याचे मोठ्या भांडारांतील चोरट्या स्त्रियांवरील पुस्तक १९०२ मध्ये निघाले. मांडणी मोहक होती हे त्यात मान्य होते, पण तपासणीच्या टेबलावर स्त्रीच होती. इमारतीची तपासणी कादंबरीने केली. झोलाच्या अखेरच्या प्रकरणात पांढऱ्या मालाच्या प्रदर्शनाचा उत्सव आणि मादाम द बोव्हची झडती एकाच छताखाली घडतात. वाचकाला एक विसरून दुसरे पाहता येत नाही.

५

येथून भारतीय बाजाराकडे वळताना प्रथम हे ध्यानात घ्यावे लागते की, येथील दुकान वेगळ्या तत्त्वावर उभे होते. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ चे, म्हणजे बूसिको एकटा मालक झाला त्याच वर्षीचे. त्यातील शहर धंद्यांचे, पेठांचे आणि जातिसमूहांचे आहे. अशा बाजारात व्यापारी गादीवर लोडाला टेकून बसतो, माल पाठीमागे फडताळांत असतो, आणि ताका उलगडला जातो तो ग्राहक बसल्यावर. ग्राहक फिरत नाही. त्याच्यासमोर वस्तू येते. त्याची ओळख विचारली जाते, कारण तिच्यावर भाव आणि उधारी दोन्ही अवलंबून असतात. व्हाइटवे लेडलॉसारखी युरोपीय धर्तीची भांडारे वसाहतकालीन महानगरांत होती. ती निश्चित किमतीची आणि रोखीची होती. बहुसंख्यांची खरेदी मात्र गादीसमोरच होत राहिली.

‘गबन’चा आरंभ एका फिरत्या दुकानाने होतो. श्रावणात गावात आलेल्या बिसात्याच्या पेटीतून लहानगी जालपा खोटा चंद्रहार उचलते. ही पेटी हीच तिची प्रदर्शन-खिडकी. लग्नात खरा चंद्रहार येत नाही आणि ती उणीव कथानकाला गती देते. पण कथानक पुढे जाते ते उधारीच्या बळावर. प्रयागच्या नगरपालिकेत चुंगीवर नोकरी करणारा रमानाथ गंगू सराफाच्या दुकानासमोर घुटमळतो. सराफ त्याला वर बोलावतो, पान मागवतो, पैशाचा विषय आपण होऊन बाजूला सारतो. दागिना दाखवण्याआधी त्याने रमानाथला एक प्रतिष्ठा दाखवलेली असते, आणि ती नाकारणे दागिना नाकारण्याहून कठीण असते. पुढे चरनदास हा दलाल दागिने घेऊन थेट घरी येतो. दुकानाला भिंतच उरत नाही.

मूरेच्या रचनेत जे काम आरसा करतो, ते येथे आतिथ्य करते. आरसा ग्राहकाला तो जसा होऊ शकेल तसा दाखवतो. सराफाचे पानही तेच करते. फरक परतीच्या वाटेचा आहे. पॅरिसमध्ये न आवडलेला झगा परत देता येतो आणि दुकान ग्राहकाला विसरते. गंगूची खतावणी काही विसरत नाही. वकिलाची पत्नी रतन नव्या कंगनासाठी सहाशे रुपये देते, आणि रमानाथने नेऊन दिलेली ती रक्कम सराफ जुन्या बाकीत वळती करून घेतो. या एका नोंदीमुळे रमानाथ कचेरीची रक्कम घरी आणण्याच्या आणि मग कलकत्त्याला पळण्याच्या मार्गाला लागतो. झोलाकडे कथानक इमारतीतून वाहते, प्रेमचंदांकडे जमाखर्चातून.

दोषाच्या प्रश्नाचे उत्तरही त्यामुळे बदलते. मादाम मार्तीला मोहाचे भान येत नाही, कारण मोह तिच्या भोवतालच्या हवेत आहे. जालपाला ते येते, कारण कर्जाला रक्कम असते आणि रक्कम फेडता येते. दागिने विकून ती नवऱ्याच्या अपहाराची भरपाई करते, आणि येथून कादंबरीची नैतिक सूत्रे तिच्या हाती जातात.

६

ही तुलना पूर्व आणि पश्चिम यांची करणे चुकीचे ठरेल. पॅरिसमध्येच द्युफायेलचे भांडार कष्टकरी वर्गाला हप्त्याने माल देत होते; गादीवरच्या दुकानातही ताका उलगडण्याची एक कला होती. भेद दोन संस्कृतींचा नसून दोन रचनांचा आहे. एक रचना अनोळखी माणसाला आत घेते आणि त्याच्या नजरेवर काम करते. दुसरी ओळखीच्या माणसाला बसवून घेते आणि त्याच्या अब्रूवर काम करते. पहिलीत ऐपतीची चौकशी नाही, पण जबाबदारीही कोणाची नाही. दुसरीत जिव्हाळा आहे, आणि त्याच्याच पोटी पाश आहे.

भारतात मॉल आले तेव्हा या दोन रचना एकमेकींत मिसळल्या. १९९९ मध्ये मुंबईत हाजी अलीजवळ उघडलेल्या ‘क्रॉसरोड्स’मध्ये गर्दी आवरण्यासाठी आरंभी काही काळ मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड दाखवणाऱ्यांना मोफत प्रवेश होता, इतरांना शुल्क. दार काचेचे होते, पण दारातला प्रश्न जुन्या गादीवरचाच होता : आपण कोण, आपली पत किती? पुढे तो नियम गेला. प्रदर्शन आणि उधारी मात्र एकत्रच राहिली. मूरेचे दालन आणि गंगूची खतावणी आज एकाच छताखाली, बहुधा एकाच कार्डावर नांदतात. म्हणूनच या जागेचा अन्वय लावताना केवळ पॅरिसचे काचघर पुरत नाही. मस्तकाच्या जागी किंमत लटकलेला पुतळा आणि जुन्या बाकीत वळती झालेले सहाशे रुपये, ही दोन्ही चित्रे अभ्यासकाला शेजारी ठेवावी लागतात.