गणनेबाहेरचे खेळाडू : १९६५-६६चा एक बास्केटबॉल हंगाम

मैदानाच्या दोन टोकांना उभे असलेले लोखंडी खांब, त्यांवरील फळ्या आणि जाळी केव्हाच झिजून गेलेली दोन कडी हे दृश्य भारतातील असंख्य शाळांच्या माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणात असेल. बास्केटबॉल हा मुळातच एका शिक्षकाच्या गरजेतून जन्मलेला खेळ. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड या गावी जेम्स नेस्मिथ या शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकाने, हिवाळ्यात छताखाली कोंडलेल्या विद्यार्थ्यांसाठी, सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या टांगून तो सुरू केला. ज्या वायएमसीए संस्थेत तो जन्मला तिच्याच शाखांमधून तो जगभर पसरला. भारतात या संस्थेने १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू केले आणि तेथून शिकून बाहेर पडलेल्या शिक्षकांबरोबर असे अनेक खेळ देशभरच्या शाळांत पोहोचले.

या खेळाच्या मायभूमीत महाविद्यालयीन स्पर्धांना जे महत्त्व आहे, त्याची कल्पना आपल्याकडे सहजासहजी येत नाही. तेथे हिवाळ्याच्या तोंडावर हंगाम सुरू होतो आणि वसंत ऋतूच्या आरंभी राष्ट्रीय विजेता ठरतो. पहिला चेंडू उडण्यापूर्वीच मात्र आणखी एक खेळ रंगलेला असतो. तो म्हणजे अंदाजांचा. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था १९४९ पासून क्रीडापत्रकारांची मते मागवून संघांची क्रमवारी प्रसिद्ध करीत आली आहे. पुढे हंगामापूर्वीचीही यादी निघू लागली. ती करण्याची रीत साधी असते. गेल्या वर्षी संघाने काय केले, जुन्यांपैकी किती खेळाडू राहिले, किती पदवी घेऊन गेले, प्रशिक्षकाचा लौकिक काय, संघात उंच खेळाडू किती, हे सारे पाहून पत्रकार मत देतो. ही रीत अशास्त्रीय म्हणता येणार नाही आणि पुष्कळदा ती खरीही ठरते. परंतु जे मोजण्याची सवय लागलेली असते तेवढेच तिला मोजता येते. साठ वर्षांपूर्वीच्या एका हंगामाने ही मर्यादा जितक्या स्पष्टपणे दाखवून दिली, तितकी क्वचितच कोणी दाखविली असेल.

१९६५च्या शरद ऋतूत यादीच्या अग्रभागी कोण असणार, याविषयी फारसा वाद नव्हता. कॅलिफोर्निया विद्यापीठाची लॉस एंजलिस येथील शाखा ‘यूसीएलए’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. तिच्या संघाने १९६४ आणि १९६५ अशी लागोपाठ दोन वर्षे राष्ट्रीय विजेतेपद मिळविले होते. त्यांपैकी पहिल्या वर्षी तर तीसपैकी तीसही सामने त्याने जिंकले होते. प्रशिक्षक जॉन वुडन १९४८ पासून तेथे होते. गेल गुडरिचसारखा मोहरा पदवी घेऊन गेला असला तरी अनुभवी खेळाडू पुरेसे उरले होते. हंगामापूर्वीच्या यादीत यूसीएलएला पहिले स्थान मिळाले.

२७ नोव्हेंबर १९६५ रोजी विद्यापीठाच्या पॉली पॅव्हिलियन या नव्या क्रीडागृहात पहिला सामना झाला. मुख्य संघाची गाठ होती त्याच विद्यापीठाच्या प्रथम वर्षाच्या मुलांशी. त्या काळच्या नियमानुसार प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळता येत नसे. त्यांचा वेगळा संघ असे आणि त्याच्या सामन्यांची राष्ट्रीय क्रमवारीत गणना होत नसे. मुख्य संघाने नव्या वास्तूचे थाटात उद्घाटन करावे आणि नवख्यांनी थोडा अनुभव घ्यावा, असा हा घरगुती समारंभ. त्या नवख्यांत न्यूयॉर्कहून आलेला ल्यू अल्सिंडर नावाचा सात फुटांहून उंच मुलगा होता. त्याच्या शाळेच्या संघाने सलग ७१ सामने जिंकल्याने त्याचे नाव देशभर झाले होते. हाच मुलगा पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने जगाला माहीत झाला. त्याच्या जोडीला ल्युशियस ॲलन, लिन शॅकलफर्ड आणि केनी हाइट्झ होते.

प्रथम वर्षाच्या मुलांनी तो सामना ७५-६० असा जिंकला. अल्सिंडरने एकट्याने ३१ गुण मिळविले आणि फळीवरून परतलेले २१ चेंडू ताब्यात घेतले. देशातील पहिल्या क्रमांकाचा संघ आपल्याच आवारातील, नोंदीतही नसलेल्या मुलांकडून पंधरा गुणांनी हरला. त्या मुलांचा गुण कोणी ओळखला नव्हता असे नाही. परंतु तो मांडायला यादीत रकानाच नव्हता. नियमाने ते त्या वर्षापुरते अस्तित्वातच नव्हते.

मुख्य संघाचे पुढचे वर्ष कष्टाचे गेले. डिसेंबरात ड्यूक विद्यापीठाने त्याला लागोपाठ दोनदा हरविले. खेळाडूंचे आजार आणि दुखापती यांनीही ग्रासले. अखेर अठरा विजय आणि आठ पराभव अशी नोंद झाली. त्या काळी विभागीय विजेत्यालाच राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळे आणि विभागीय विजेतेपद ऑरेगन स्टेटने मिळविले. हंगामापूर्वी सर्वांत वर असलेला संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या दारातही पोहोचला नाही.

याच काळात मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेल्या एल पासो या शहरात दुसरी कथा घडत होती. तेथील टेक्सस वेस्टर्न महाविद्यालयाचे नाव हंगामापूर्वीच्या यादीत नव्हते आणि त्याबद्दल कोणाला आश्चर्यही वाटले नव्हते. डॉन हॅस्किन्स १९६१ पासून तेथे प्रशिक्षक होते. त्याआधी ते टेक्ससमधील लहान गावांच्या शाळांत मुलामुलींच्या संघांना शिकवीत. या महाविद्यालयाने १९५५ मध्येच कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना दारे उघडली होती. हॅस्किन्स यांनी डेट्रॉइट, गॅरी, ह्यूस्टन, न्यूयॉर्क अशा दूरदूरच्या शहरांतून मुले आणली. मोठ्या महाविद्यालयांनी ज्यांच्याकडे पाहिले नव्हते अशी त्यांत कितीतरी होती. दक्षिणेतील अनेक मोठ्या विद्यापीठांचे दरवाजे कृष्णवर्णीय खेळाडूंना बंदच होते. जेथे ते उघडे होते तेथेही एका वेळी मैदानात किती कृष्णवर्णीय उतरवावेत, याची अलिखित मर्यादा पाळली जाई. शिकागोच्या लोयोला विद्यापीठाने १९६३ मध्ये चार कृष्णवर्णीयांना सुरुवातीला उतरवून विजेतेपद मिळविले, तरी ही मर्यादा सर्वत्र मोडली नव्हती.

कृष्णवर्णीय खेळाडू चपळ असतो, उड्या उंच मारतो, पण शिस्त आणि डोके लागणाऱ्या खेळात तो गोऱ्या नेतृत्वावाचून टिकत नाही, असा समज त्या काळी उघडपणे बोलून दाखविला जात असे. अंदाज बांधणाऱ्यांच्या कागदावर हा समज कोठेही लिहिलेला नव्हता. पण ज्या संघाला आपण यादीत धरायचे, त्याचे रूप मनाशी आधीच ठरलेले असे, आणि त्या रूपात एल पासोचा संघ बसत नव्हता.

हॅस्किन्स यांचे शिक्षण ओक्लाहोमात हेन्री आयबा या कडक शिस्तीच्या प्रशिक्षकाच्या हाताखाली झाले होते. त्यांच्या संघाचा प्राण होता बचाव. सरावात दमछाक होईपर्यंत तोच घोटून घेतला जाई. डिसेंबरच्या अखेरीस क्रमवारीत वरच्या स्थानी असलेल्या आयोवाला या संघाने सहज नमविले, तेव्हा कोठे यादी करणाऱ्यांची नजर एल पासोकडे वळली. ५ मार्च १९६६ रोजी सिअॅटल विद्यापीठाकडून दोन गुणांनी झालेला पराभव हा त्याचा संपूर्ण हंगामातील एकमेव पराभव. राष्ट्रीय स्पर्धेत सिनसिनाटीला हरविण्यासाठी त्याला जादा वेळ खेळावा लागला. कॅन्सासशी दोनदा जादा वेळ खेळून ८१-८० असा एका गुणाने निभाव लागला. पहिल्या जादा वेळेच्या शेवटच्या क्षणी कॅन्ससच्या जो जो व्हाइटने टाकलेला चेंडू कड्यातून गेला होता; परंतु त्याचा पाय रेषेवर पडल्याचा निर्णय पंचांनी दिला आणि तो गुण धरला गेला नाही.

१९ मार्च १९६६ रोजी मेरिलँड विद्यापीठाच्या कोल फील्ड हाउसमध्ये अंतिम सामना झाला. समोर होता केंटकी विद्यापीठाचा संघ. त्याचे प्रशिक्षक अॅडॉल्फ रप यांनी आधी चार राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली होती. केंटकीचा संघ पूर्णपणे श्वेतवर्णीय होता. हॅस्किन्स यांनी सुरुवातीला बॉबी जो हिल, डेव्हिड लॅटिन, ऑर्स्टन आर्टिस, हॅरी फ्लोर्नॉय आणि विली वर्स्ली हे पाच खेळाडू उतरविले. पाचही कृष्णवर्णीय होते. राष्ट्रीय विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात असे पूर्वी कधी घडले नव्हते. केंटकीचे खेळाडू फार उंच नव्हते, पण वेगवान होते. म्हणून हॅस्किन्स यांनी उंच खेळाडू कमी करून अवघ्या साडेपाच फुटांच्या वर्स्लीला घेतले होते. संपूर्ण सामन्यात त्यांनी एकूण सातच खेळाडू वापरले आणि ते सर्व कृष्णवर्णीय होते.

पूर्वार्धात हिलने काही क्षणांच्या अंतराने केंटकीच्या दोन खेळाडूंच्या हातांतून चेंडू हिसकावले आणि दोन्ही वेळा एकट्याने धावत जाऊन गुण केले. तेथून सामन्याचा तोल फिरला तो पुन्हा सावरला नाही. टेक्सस वेस्टर्नने सामना ७२-६५ असा जिंकला. त्याच्या गुणतक्त्याकडे बारकाईने पाहावे. खेळ चालू असताना केंटकीने २७ वेळा बास्केट केले, टेक्सस वेस्टर्नने २२ वेळाच. फरक पडला तो फ्री थ्रोमध्ये. टेक्सस वेस्टर्नला असे ३४ थ्रो मिळाले आणि त्याने त्यांतील २८ साधले. केंटकीला तेरा मिळाले आणि अकरा साधले. प्रेक्षकांचा गोंगाट चालू असताना रेषेवर एकट्याने उभे राहून, श्वास आवरून चेंडू टाकायचा, यात चपळाईचा काहीच भाग नसतो. त्यात संयम लागतो आणि मन ठिकाणावर लागते. या मुलांत जे गुण नसतात असे मानले गेले होते, नेमक्या त्याच गुणांवर त्यांनी विजेतेपद मिळविले.

एका सामन्याने समाज बदलत नाही, हेही येथे नोंदविले पाहिजे. विजयानंतर हॅस्किन्स यांना द्वेषाने भरलेली पत्रे आली. एल पासोच्याच महाविद्यालयात कृष्णवर्णीय खेळाडूंना मिळणाऱ्या वागणुकीवर १९६८ मध्ये एका राष्ट्रीय क्रीडा साप्ताहिकाने कठोर टीका केली. तरीही दक्षिणेकडील दारे हळूहळू किलकिली होऊ लागली. केंटकी ज्या विभागात खेळे, त्या विभागात व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या पेरी वॉलेसच्या रूपाने १९६७-६८च्या हंगामात पहिला कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू मैदानात उतरला. खुद्द केंटकीने १९६९ मध्ये टॉम पेनला करारबद्ध केले. प्रथम वर्षाच्या मुलांना मुख्य संघाबाहेर ठेवणारा नियम १९७२ मध्ये रद्द झाला. टेक्सस वेस्टर्नच्या त्या संपूर्ण संघाला २००७ मध्ये, नेस्मिथ यांच्या नावाने उभारलेल्या स्प्रिंगफील्डच्या सन्मानगृहात स्थान मिळाले.

या हंगामात अंदाज चुकले, एवढेच सांगून थांबता येत नाही. अंदाज चुकतच असतात. येथे एकाच वर्षी दोन निरनिराळ्या चुका घडल्या. लॉस एंजलिसची मुले डोळ्यांसमोर होती, पण नियमाने त्यांना गणनेबाहेर ठेवले होते. एल पासोच्या मुलांना कोणताही नियम आडवा आला नव्हता. त्यांना पाहणाऱ्यांच्या सवयीनेच बाहेर ठेवले होते. पहिली चूक दुरुस्त करायला एक ठराव पुरला. दुसरीला किती वर्षे लागली, हे सांगणे अवघड आहे. वर्षारंभी हजेरीपट हाती घेताना शिक्षकाच्या मनात आणि प्रगतिपुस्तक उघडताना पालकाच्या मनात अशीच एक यादी नकळत तयार होत असते. तीही अनुभवातूनच आलेली असते, पुष्कळदा खरीही ठरते; पण कोणत्या मुलासाठी तिच्यात रकानाच ठेवलेला नाही, हे तपासून पाहण्याची वेळ सहसा येत नाही.

अपेक्षांचे करायचे काय, याचे एक उत्तर वुडन यांच्या वागण्यात सापडते. १९६६च्या शरद ऋतूत अल्सिंडर आणि त्याचे सोबती मुख्य संघात आले आणि यूसीएलए पुन्हा यादीत पहिली आली. या वेळी अंदाज खरा ठरला. तीसपैकी तीस सामने जिंकून संघ विजेता झाला आणि त्यानंतर १९७३ पर्यंत विजेतेपद तेथून हलले नाही. परंतु सरावाच्या पहिल्या दिवशी वुडन मुलांशी विजेतेपदाविषयी बोलत नसत. ते त्यांना बाकावर बसवीत आणि मोजे कसे चढवायचे, ते सुरकुती राहू न देता टाचेपर्यंत कसे सारखे करायचे आणि बुटाची नाडी कशी बांधायची, हे स्वतः दाखवीत. मोज्याला सुरकुती राहिली की पायाला फोड येतो, आणि फोड आलेला खेळाडू चांगला खेळू शकत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे असे. देशातील सर्वांत नावाजलेला खेळाडू आणि बाकाच्या टोकाला बसलेला राखीव मुलगा, दोघांनाही हा धडा सारखाच गिरवावा लागे.