कार्डात गाणी भरून मिळतील

मोबाइलच्या मेमरी कार्डात गाणी, व्हिडिओ, गेम आणि ॲप भरून देणे हा स्वस्त मोबाइलच्या काळात नंदुरबार जिल्ह्यातल्या बाजारपेठांत रुजलेला धंदा. मायक्रोएसडी हे नखाएवढे कार्ड २००५ साली आले आणि पुढच्या काही वर्षांत साध्या फोनांतही बसू लागले. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात सहा तालुके आहेत. अक्राणी आणि अक्कलकुव्याचा मोठा भाग सातपुड्यात येतो. तिथल्या अनेक पाड्यांवर रेंज मिळवायची तर टेकडी चढावी लागे. इंटरनेट तिथवर पोचत नव्हते, पण आठवडे बाजाराला माणूस येत होता, आणि त्याच्या खिशातून कार्डही येत होते.

गाणी ऐकण्याच्या यंत्रात ती भरण्याची ॲपलच्या २००१ सालच्या आयपॉडमागची कल्पना अगदी वेगळी होती. मालकाच्या घरी संगणक असे, त्यात आयट्यून्स हा प्रोग्राम असे, आणि ते संगणकातला व यंत्रातला संग्रह आपोआप जुळवून घेई. १० जुलै २००८ रोजी ॲप स्टोअर उघडले, तेव्हा आयपॉड टचवर ॲपही त्याच वाटेने चढवता येऊ लागली. भारतात आयट्यून्सचे दुकान आले ते डिसेंबर २०१२ मध्ये. नंदुरबार, शहादा, तळोदा, धडगावच्या गिऱ्हाइकाकडे घरचा संगणक नव्हता. दुकानातला एकच संगणक अनेक गावांच्या फोनांना पुरत असे.

काम सोपे दिसे, पण त्याला जाणकारी लागे. कार्ड फोनमधून काढून कार्ड रीडरमध्ये घालायचे, गिऱ्हाइकाची आवड विचारायची, त्याप्रमाणे फोल्डर कॉपी करायचे. व्हिडिओ बहुधा थ्रीजीपी असत, कारण छोट्या फोनला मोठी फाइल झेपत नसे. जावा गेम फोनच्या पडद्याच्या मापाचा निवडावा लागे: २४० बाय ३२० चा गेम १२८ बाय १६० च्या पडद्यावर नीट चालत नसे. एका कार्डातला व्हायरस दुकानाच्या संगणकात शिरला, की तिथून पुढच्या कार्डांत जाई. मग कार्ड फॉरमॅट करणे आले, आणि त्यात घरचे फोटोही जात. अँड्रॉइड आल्यावर याच टेबलावर ॲपच्या एपीके फाइलीही मिळू लागल्या.

या धंद्याचे खरे मोल मात्र गाण्यांत आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यातल्या दर दहांपैकी जवळपास सात जण अनुसूचित जमातींचे होते. भिली, पावरी, मावची या बोलींतली गाणी मोठ्या कंपन्यांच्या यादीत क्वचितच असत. टिमली नाचाच्या तालावरची लग्नातली गाणी, होळीची गाणी, शेजारची अहिराणी गाणी कार्डातून कार्डात, ब्लूटूथवरून फोनात अशी फिरली. ऊसतोडीला गुजरातकडे जाणाऱ्यांबरोबर ती सीमेपार गेली. परवानगीशिवाय गाणी विकणे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने गुन्हाच आहे, आणि त्याची झळ गावच्या कलावंतालाही बसली: गाणे पाड्यापाड्यावर वाजे, गायकाचे नावदेखील फाइलवर नसे. तरीही हे जाळे नसते, तर यातली कितीतरी ध्वनिमुद्रणे पुढच्या गावीही पोचली नसती. कार्ड बिघडले की त्यातली गाणी गेली. त्यांची दुसरी प्रत जपणारे ग्रंथालय नव्हते. ही हानी मोठी आहे.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि डेटा स्वस्त झाला. जिथे रेंज होती तिथे गाणी यूट्यूबवर ऐकली जाऊ लागली. शेअरइट आणि झेंडर या ॲपमुळे एका फोनातले ॲप दुसऱ्या फोनात थेट जाऊ लागले, आणि मधला संगणक गळाला. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये ही दोन्ही होती, पण तोवर भरून देणाऱ्याचे टेबल बव्हंशी रिचार्ज, कव्हर आणि दुरुस्तीकडे वळले होते. गाणी भरण्याचे काम उरले ते मुख्यतः ट्रॅक्टर आणि पिकअपच्या टेपला लावायच्या पेन ड्राइव्हपुरते.