‘म्यूरेक्स’चा सुवेझ-प्रवेश

तेलवाहू जहाजांविषयीचे निर्बंध अपघातानंतरच जन्मास येतात, असा समज नौकानयनाच्या अभ्यासकांत रूढ आहे. १९६७ च्या मार्चमध्ये ‘टॉरी कॅन्यन’ कॉर्नवॉलनजीकच्या खडकांवर फुटले आणि पुढे १९७३ चा सागरी प्रदूषणविषयक आंतरराष्ट्रीय करार झाला, हे उदाहरण त्याच्या पुष्ट्यर्थ दिले जाते. तथापि १८९२ साली सुवेझ कालव्यावर घडलेला प्रकार या समजास छेद देणारा आहे.

त्या वेळेपर्यंत पूर्वेकडे येणारे रॉकेल पत्र्याच्या डब्यांत भरून, ते डबे लाकडी खोक्यांत घालून पाठविले जाई. तेल थेट जहाजाच्या टाक्यांत भरून वाहणारे ‘ग्लूकाउफ’ १८८६ सालीच न्यूकॅसल येथे बांधले गेले होते. परंतु अशा जहाजांना कालवा कंपनी प्रवेश देत नसे. लंडनचा व्यापारी मार्कस सॅम्युअल याला बातूम बंदरातील रशियन रॉकेल याच मार्गाने सिंगापूर व बँकॉक येथे न्यावयाचे होते. त्याने सवलत मागितली नाही. कंपनीचे आक्षेप निवारील असे जहाज रेखाटण्याचे काम त्याने फोर्टेस्क्यू फ्लॅनरी या नौका-अभियंत्यावर सोपविले.

मूळ अडचण पदार्थविज्ञानाची होती. रॉकेलचे आकारमान तापमानाच्या दर सेल्सियस अंशास सुमारे एक सहस्रांशाने वाढते. टाकी काठोकाठ भरावी तर तांबड्या समुद्राच्या उष्णतेत तेलास वाढावयास जागा उरत नाही. रिकामी जागा ठेवावी तर तेल हिंदकळून जहाजाचा तोल बिघडतो. मोठ्या टाकीवर अरुंद मान बसविणे हा यावरील तोडगा होता. तेल त्या मानेत चढते-उतरते, आणि मोकळा पृष्ठभाग मात्र लहानच राहतो. जहाज कालव्यात रुतल्यास तेल बाहेर न सोडता ते पुन्हा तरंगले पाहिजे, याचाही विचार करावा लागला. शिवाय टाक्या वाफेने स्वच्छ करून परतीच्या प्रवासात अन्य माल आणता येई. आर्थिकदृष्ट्या ही सोय गौण नव्हती.

या योजनेविरुद्ध लंडनमध्ये जोराची मोहीम झाली. तीमागे प्रतिस्पर्ध्यांचा स्वार्थ होता, हे उघड आहे; पण म्हणून त्यांनी दाखविलेले भय खोटे ठरत नाही. खुद्द ‘ग्लूकाउफ’ १८९३ साली न्यूयॉर्कनजीक किनाऱ्यास लागून निकामी झाले. जानेवारी १८९२ मध्ये कंपनीने अनुमती दिली, आणि वेस्ट हार्टलपूल येथे बांधलेले ‘म्यूरेक्स’ त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कालवा ओलांडून गेले.

येथे नियम अपघातापूर्वी आला, याचे कारण प्रस्तुत लेखकाच्या मते दूरदृष्टीत शोधू नये. कालवा बंद पडल्यास कंपनीचे उत्पन्नच बंद पडणार होते, आणि वाट अडविण्याचा अधिकार तिच्या हाती होता. खुल्या समुद्रावर असा अधिकार कोणापाशीही नव्हता. जहाजाची नोंदणी ज्या देशात, त्याचाच कायदा. ‘टॉरी कॅन्यन’ लायबेरियाच्या ध्वजाखाली होते, आणि त्याच्या तेलाने माखले ते किनारे इंग्लंड व फ्रान्स यांचे.

पूर्वेकडील ग्राहकास मात्र टाकीपेक्षा डबाच प्रिय होता, कारण रिकाम्या डब्याचा घरात शंभर कामी उपयोग होई. सॅम्युअलला अखेर पत्रा धाडून तेथेच डबे करवून घ्यावे लागले.