शस्त्रचोरीची वर्दी व शस्त्रशोध : छत्रपती संभाजीनगर

परवान्यावरील अग्निशस्त्र चोरीस गेल्यास त्याची वर्दी देणे व नोंदींच्या आधारे त्याचा शोध घेणे यांसंबंधीची व्यवस्था. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीतील १८७८ चा हत्यारांचा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता; प्रजेला निःशस्त्र ठेवणे हा त्याचा मुख्य हेतू. निजामाच्या राज्यातील औरंगाबादला तो थेट लागू नव्हता. हा जिल्हा १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला.

१९६२ मध्ये अंमलात आलेल्या शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये शस्त्रावरील क्रमांक पुसणे वा बदलणे हा गुन्हा ठरला. चोरीची वर्दी नजीकच्या पोलीस ठाण्यात विनाविलंब देणे ही परवान्याची अट आहे. परवाना शहरात पोलीस आयुक्त, तर ग्रामीण भागात जिल्हाधिकारी देतात. नोंदी कागदी व जिल्हावार असताना परजिल्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा धारक शोधणे कठीण होते. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे परवानाधारकाची नोंद राष्ट्रीय संगणकीय संग्रहात होऊन त्यास विशिष्ट ओळखक्रमांक मिळतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखलपात्र गुन्ह्याची वर्दी इलेक्ट्रॉनिक माध्यमानेही देता येते. मात्र तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. ठाण्याच्या हद्दीची अडचण उरलेली नाही. जप्त शस्त्र परत मिळण्यास न्यायालयाचा आदेश लागतो. चोरलेल्या शस्त्राने गुन्हा घडल्यास क्रमांकावरून संशय प्रथम मूळ धारकावर येतो. राज्यकर्त्यांच्या सुरक्षिततेसाठी सुरू झालेली ही नोंद वेळीच दिलेल्या वर्दीमुळे धारकाचेही संरक्षण करते.